इतर खर्च

डुलुथच्या बंदरात मी लोहखनिज तोलतो.
छत्तीस वर्षं. टनाला टन, मापात पाप नाही.
आणि गुरुवारी रात्री, हार्डवेअरच्या दुकानाखालच्या तळघरात,
रंगाच्या डब्यांमध्ये मांडलेल्या टेबलाशी
मी ग्राखुल असतो: अर्धा ऑर्क, अर्धा माणूस,
आणि पूर्ण हिशेब.

ताकद अठरा. काटकपणा सोळा.
रूप, वाणी, आर्जव, सगळं मिळून आठ,
कारण ट्रोलशी कुणी गोड बोलत नाही
आणि बाकीच्यांशी बोलायला डेझमंड आहे.
एल्फ घ्यावा तर चपळाई मिळते, पण हाडं काडीची.
ड्वार्फाला विष बाधत नाही, पण पाय आखूड,
पळताना मागे राहतो,
आणि मागे राहतो तो मरतो.
हे सगळं मी वहीत मांडलंय, रकान्यांत, हातच्यासकट.
ताळा करून बघा, जमतो.

जानेवारीत पा न्हिया आली. दातांच्या दवाखान्यात काम करते.
सरोवर गोठलेलं, तिच्या चष्म्यावर वाफ,
बूट न काढताच तिनं सांगून टाकलं:
माझी नोम. योद्धा. दोन हातांची कुऱ्हाड.
मी म्हटलं, नोम तीन फुटांची असते.
म्हणाली, माहितीये.
मी म्हटलं, कुऱ्हाड चार फुटांची.
म्हणाली, मग ओढत नेईल.
नाकापेक्षा मोती जड.
मी वही उघडून दाखवली: प्रत्येक वाराला दोन गुण तोटा,
शिवाय चाल मंद, शिवाय
वेन्डेलनं पडद्याआडून एवढंच विचारलं, नाव काय तिचं?
ब्रिंडी.

तिसऱ्या गुरुवारी ब्रिंडी मेली.
पुलावर. कुऱ्हाड ओढत सगळ्यांत मागे होती,
आम्ही पलीकडे पोचलो होतो, ती वळून उभी राहिली.
दान पडलं नऊ. लागत होते अकरा.
दोनच. तेच दोन.
मी काही बोललो नाही, वाणी आठ.
फक्त त्या आकड्याखाली एक रेघ ओढली,
बरोबर ठरलेला माणूस ओढतो तशी, सरळ.

आता पूल आला की डेझमंड म्हणतो, ब्रिंडी, सांभाळ गं.
खानावळीत सगळे एक पेला जास्त मागवतात
आणि वेन्डेल त्याचे पैसेही कापून घेतो, अर्धी मोहर.
मी ती लिहितो. इतर खर्च.
दगडावरून कुऱ्हाड फरफटत येण्याचा आवाज
मार्लिस काढते, डब्याच्या झाकणावर किल्ली घासून,
अंगावर काटा येतो आणि सगळे हसतात,
एखाद्या वेळी मीही.

ग्राखुल अकरा वर्षं जिवंत आहे.
एकदाही बेशुद्धसुद्धा पडलेला नाही.
परवा मार्लिसनं विचारलं,
तुझ्या त्या ऑर्कचं नाव काय रे, ग्राबुल?

सरोवरावरून वारा सुटला की
रिकाम्या काट्यावरही आकडा हलतो.
पाच पौंड. सात. शून्य. पुन्हा चार.
नव्या पोरांना मी सांगत आलोय, ते मोजायचं नाही,
थांबायचं, वारा जाऊ द्यायचा.
आज मी ते चार पौंड बराच वेळ बघत बसलो.
मागे वॅगनी खोळंबल्या. कुणीतरी भोंगा दिला.

संध्याकाळी तळघरात लवकर गेलो.
पा न्हिया एकटीच होती, हीटरवर हातमोजे वाळवत.
विचारलं, ती कुऱ्हाड नेमकी किती वजनाची होती?
म्हणजे वहीत लिहायला.
तिनं विचार केला. खरंच केला, थट्टा न करता.
मग वाकून दोन्ही हातांनी जमिनीवरून काहीतरी उचललं,
गुडघे जरा वाकवून, कण्हत,
आणि माझ्यापुढे धरलं.

मी पेन्सिल कानावर खोचली, हात पुढे केले.
जपून, म्हणाली,
दांडा ओला आहे.